हिरवा ठिपका छापता येतो, मग साखरेची खूण का नाही?



मुलाचं वजन वाढलं की सगळ्यांची पहिली नजर आईकडे जाते. डॉक्टर विचारतात, "डब्यात काय देता?" घरातली मोठी माणसं म्हणतात, "लाडावून ठेवलंय." शाळेच्या पालकसभेत आहारतज्ज्ञ येतात, त्यांचं सगळं व्याख्यान समोर बसलेल्या बायकांना उद्देशून असतं: घरचं द्या, पॅकेट देऊ नका, मोबाइल देऊ नका. वडील शेवटच्या रांगेत मोबाइल बघत बसलेले असतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. लग्नकार्यात कुणीतरी त्या पोराचा गाल ओढून "काय रे गोलू" म्हणतं आणि सगळे हसतात. पोरगंही हसतं. आत काय होतं ते त्याला आणि त्याच्या आईलाच माहीत.

हा सगळा कार्यक्रम मला आता असह्य होतो. आईची जबाबदारी मी नाकारत नाही. स्वयंपाकघर माझंही आहे आणि रोज पहाटे डबा मीही भरते. पण डबा दिवसातून एकदाच उघडला जातो. बाकीचा दिवस मुलाच्या तोंडात काय जाईल हे कोण ठरवतं? शाळेच्या फाटकासमोरची टपरी, पाच रुपयांची पुडी, त्या पुडीवरचं कार्टून, मोबाइलवरच्या गोष्टीच्या मध्येच येणारी जाहिरात, शाळेच्या कॅन्टीनचा ठेका. यातली एकही गोष्ट आईच्या हातात नाही. प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या सरकारी नियमाच्या कक्षेत मात्र आहे. म्हणून मी म्हणते, आईला उपदेश करणं हा सरकारला आणि कंपन्यांना सगळ्यात स्वस्त पडणारा उपाय आहे. त्यात कुणाचाच पैसा जात नाही.

प्रश्न किती मोठा आहे ते थोडक्यात सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातली पाच वर्षांखालची २.१ टक्के मुलं जास्त वजनाची होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ती ३.४ टक्के झाली. आकडा लहान वाटेल, पण वाढ किती वेगाने झाली ते बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने सांगितलं की जगात शाळकरी वयाच्या मुलांमध्ये आता कमी वजनापेक्षा लठ्ठपणा जास्त आहे, ९.२ टक्क्यांच्या तुलनेत ९.४ टक्के. असं पहिल्यांदाच झालं.

आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका गोष्टीकडे येते: पॅकेटवरचा हिरवा ठिपका.

आपल्यापैकी प्रत्येकीने आयुष्यात किती हजार वेळा तो शोधला असेल? दुकानात पॅकेट हातात घेतलं की डोळे आपोआप त्या चौकोनाकडे जातात. ज्या मुलांना अजून वाचताही येत नाही त्यांनाही तो कळतो. आपल्या घरातली चार वर्षांची पोरंसुद्धा तपकिरी खूण दिसली की पॅकेट परत ठेवतात. या शतकाच्या सुरुवातीला ती खूण सक्तीची झाली. तेव्हा कुणी असं म्हणालं नाही की शाकाहारी माणसांनी जागरूक व्हावं, मागचा बारीक मजकूर वाचावा, जिलेटिन म्हणजे काय ते शिकून घ्यावं. सरकारने सरळ सांगितलं, पुढच्या बाजूला खूण छापा. कंपन्यांनी छापली. कुणाचा धंदा बुडाला नाही. २०२१ मध्ये तर रंगांधळ्या लोकांना ओळखता यावं म्हणून मांसाहाराच्या गोलाचा त्रिकोण केला. इतका बारीक विचार करता येतो, हे त्यावरून दिसतं.

मग साखर, मीठ आणि चरबी यांच्या बाबतीतच आपल्याला भिंग घेऊन पाठ वाचायला का लावतात?

पाठ वाचायची तर कशी वाचायची तेही बघा. तक्ता १०० ग्रॅमचा असतो, पुडी २३ ग्रॅमची नाहीतर ५५ ग्रॅमची. 'एक सर्व्हिंग' म्हणजे किती, ते कंपनीच ठरवते. घटकांच्या यादीत साखर एका ठिकाणी असते, पुढे ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन अशी तिची भावंडं वेगवेगळ्या जागी बसलेली असतात. अक्षरं मुंगीएवढी. बहुतेक पॅकेटांवर सगळं इंग्रजीत. सातवी शिकलेल्या बाईने हे गणित किराणा दुकानात उभं राहून, कडेवर मूल घेऊन करायचं.

गणित एकदा करून दाखवते. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. नेहमीच्या कोलात १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या लहान बाटलीत साडेसहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. दिवसाला १६०० कॅलरी खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे २० ग्रॅम, पाच चमचे. एका बाटलीतच मर्यादा ओलांडली. सकाळच्या दुधात घातलेली पावडर, बिस्किटं, जॅम अजून बाकीच आहेत.

त्या दुधातल्या पावडरीवरून आठवलं. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बॉर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची नोटीस आली, त्याला तो काढावा लागला. पण तोवर देशभर बोभाटा झाला होता. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने दखल घेतली, पुढे कंपनीने साखर कमी केली आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, कारण कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. आपल्या लहानपणापासून ज्या शब्दावर भरवसा ठेवून आपल्या आयांनी दुधात चमचे घातले, तो शब्द कायद्यात नव्हताच! एका तरुणाच्या फोनमुळे हे घडलं, याचं कौतुक आहे. पण अन्नसुरक्षेसाठी एक अख्खं प्राधिकरण असताना हे काम एकट्या माणसाने अंगावर नोटीस घेऊन का करायचं?

इतर देशांनी काय केलं ते सांगते, कारण 'हे शक्य नाही' असं सांगणारे खूप भेटतात.

चिली हा दक्षिण अमेरिकेतला लांबुळका देश. तिथे २०१६ पासून साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या पाकीटबंद पदार्थावर पुढच्या बाजूला काळा अष्टकोन छापावा लागतो. आत एवढंच लिहिलेलं: 'साखर जास्त', 'मीठ जास्त'. चार दोष असतील तर चार अष्टकोन. ज्यावर अष्टकोन आहे ते शाळेत विकायचं नाही, त्यावर मुलांना भुलवणारं कार्टून छापायचं नाही. नाश्त्याच्या खोक्यांवरचे वाघ-ससे एका रात्रीत गायब झाले. आत खेळणं असलेली चॉकलेटची अंडी बंद झाली. पुढे २०१८ पासून सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत अशा पदार्थांच्या जाहिराती टीव्हीवर बंद. पहिल्या दीड वर्षात गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. त्याने चिलीतली मुलं लगेच सडपातळ झाली, असं मी म्हणणार नाही. तसं झालेलं नाही. तिथेही बालपणीचा लठ्ठपणा अजून मोठा प्रश्न आहे. पण लेकराच्या हातात काय पडतं ते बदललं, आणि नियमाकडून पहिली अपेक्षा तीच असते.

आणि आपण? २०१८ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, मसुदा काढला होता. जास्त साखर-मीठ-चरबीच्या पदार्थांवर लाल खूण असावी असं त्यात होतं. उद्योगांनी आरडाओरडा केला. २०२० मध्ये अंतिम नियम आले तेव्हा लाल खूण त्यातून बाहेर गेली होती. मग सप्टेंबर २०२२ मध्ये नवा मसुदा आला, तारांकनाचा. वाईटातल्या वाईट पदार्थाला अर्धा तारा, उत्तमाला पाच. त्यावर चौदा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या आणि कागद पुन्हा विचारात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. ९ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. तीन महिने संपले, जुलैमध्ये मुदत वाढवून घेतली गेली. पहिल्या मसुद्याच्या वेळी बालवाडीत असलेलं मूल तोवर दहा वर्षांचं झालं होतं.

या ताऱ्यांवर माझा राग आहे आणि तो का आहे ते स्पष्ट सांगते. आपल्याकडे तारा म्हणजे शाबासकी. बालवाडीच्या बाई वहीवर तारा देतात, हॉटेलला तारे असतात. दीड तारा पाहून कुठलीही आई 'हे घातक आहे' असं समजणार नाही, 'बरं आहे' असंच समजेल. शिवाय ताऱ्यांच्या हिशोबात चांगल्या घटकांचे गुण वाईटातून वजा होतात. साखरेने भरलेल्या बिस्किटात थोडे ओट्स आणि सुकामेवा टाकला की तारा वर सरकतो. साखर मात्र तेवढीच राहते. हिरव्या ठिपक्याला आपण अशी सूट दिली असती का? 'यात नव्वद टक्के भाजी आहे, म्हणून साडेचार तारे' असं चाललं असतं? खूण एकतर असते किंवा नसते.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की मग आपलं लोणचं, पापड, तूप, लाडू सगळ्यांवर काळी खूण येईल, परंपरा मारली जाईल. परंपरेची ही कळकळ मोठमोठ्या कंपन्यांना अचानक सुटते, हे गमतीचं आहे. चिलीचा कायदा वरून साखर, मीठ, चरबी घातलेल्या पाकीटबंद पदार्थांपुरता आहे. शुद्ध तुपाच्या डब्याला किंवा मधाच्या बाटलीला त्याचा धक्का नाही. आणि बाजारातल्या पॅकबंद लोणच्यावर 'मीठ जास्त' असं आलंच, तर ते खोटं आहे का? लोणचं आपण बोटभर खातो, कारण ते खारट आहे हे आपल्याला माहीत असतं. टोमॅटो सॉसमध्ये साखर किती ते माहीत नसतं, म्हणून तिथे खूण हवी.

जैन पदार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांबद्दलही इथेच बोलते. 'कांदा-लसूण नाही' असं दिसलं की आपण निर्धास्त होतो. त्या शब्दांनी कांदा-लसणाची खात्री मिळते, पामतेलाची आणि मिठाची नाही. पाठशाळेत प्रभावना म्हणून मुलांच्या हातात वेफर्सची पुडी नाहीतर चॉकलेट ठेवण्याची पद्धत कुठून आली कुणास ठाऊक. राजगिऱ्याचा छोटा लाडू, खारीक, मूठभर फुटाणे दिले तर प्रभावना कमी होते का? ज्यांच्याकडे पाठशाळेचं काम आहे त्यांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहितेय. यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

आता शाळेकडे. इथे तर नियम आहेत, तरी ही परिस्थिती. मे २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शाळेच्या उपाहारगृहात चिप्स, नूडल्स, शीतपेयं वगैरे विकू नयेत असा शासन निर्णय काढला. २०२० मध्ये एफएसएसएआयचे देशभराचे नियम आले: जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, तिथे त्यांची जाहिरातही करायची नाही. कागदावर सुरेख. पण 'जास्त' म्हणजे नेमकं किती, याचा आकडा त्या नियमात दिलेला नाही. मग तपासायला येणारा अधिकारी कशावर बोट ठेवणार? आमच्या भागातल्या एका शाळेत मी विचारलं तर मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, असा नियम आहे हे आम्हालाच तुमच्याकडून कळतंय." फाटकापासून टपरी मी पावलांनी मोजली. वीस पावलं.

टपरीवाल्यावर माझा राग नाही. तो त्याच जागी पेरू, चिंचा, बोरं, उकडलेल्या शेंगा विकत होता. पेरू सडतो, पुडी सडत नाही, आणि पुडीची माळ कंपनीचा माणूस आणून टांगून जातो. त्याला तिथून हाकललं म्हणजे कायदा पाळला असं समजणाऱ्या अधिकाऱ्यांपासून देवाने वाचवावं. त्याला फळं, शेंगा विकायला जागा द्या, पुड्यांची माळ उतरवा.

२०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितले, कशात किती साखर ते मुलांना कळावं म्हणून. चांगलं आहे. पण जी माहिती शाळेच्या भिंतीवर लावता येते ती पुडीच्या तोंडावर छापायला हरकत कुणाची, हे मला कुणीतरी सांगा.

जाहिरातींचं तेच. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या की मुलांच्या कार्यक्रमात आणि मुलांच्या वाहिनीवर जंक फूडची जाहिरात नको. आपली मुलं मुलांची वाहिनी बघतात कुठे? ती बघतात क्रिकेट, घरातल्यांबरोबर मालिका आणि फोनवरचे व्हिडिओ. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने १९८० पासून १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून कुठल्याही वस्तूची व्यापारी जाहिरात करायला बंदी घातली. कंपनी न्यायालयात गेली. १९८९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. लहान मुलाला जाहिरात आणि सत्य यांतला फरक कळत नाही, त्याच्या या भोळेपणाचा फायदा घेऊ नये, असं त्यामागचं तत्त्व. यात न समजण्यासारखं काय आहे?

कराची गोष्ट जरा सावकाश वाचा, ती महत्त्वाची आहे. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणात कर लावला. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ असेल तर थोडा, ८ च्या वर जास्त. कंपन्यांनी काय केलं? कर टाळायला साखरच कमी केली. आयांनी काहीही न शिकता, कुणाचंही व्याख्यान न ऐकता मुलांच्या पेल्यातली साखर घटली. नंतरच्या एका अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी आढळला. मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून गोड शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. ऐकायला कडक वाटतं. पण साखर दहा ग्रॅम असो, चार असो की नुसतं गोडीचं रसायन असो, कर तोच. मग कंपनी साखर कमी कशाला करेल? त्याच दिवशी फळांच्या रसाची पेयं १२ वरून ५ टक्क्यांवर आणली. आंब्याचं चित्र असलेल्या पेयाच्या पाठीवरचा तक्ता एकदा वाचा, मग ठरवा हे फळ आहे की पाक. आणि बिस्किटं, चॉकलेट, झटपट नूडल्स, नमकीन १२ किंवा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. घरखर्च कमी झाला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी पंतप्रधान लठ्ठपणावर बोलत होते, तेल कमी खा म्हणत होते. एका खात्याने मुलांना सांभाळा म्हणायचं आणि दुसऱ्याने चॉकलेट स्वस्त करायचं.

"आपल्या देशात पोरं उपाशी आहेत आणि तुम्हाला लठ्ठ पोरांची पडली आहे," असं मला एका बाईंनी सुनावलं. ही श्रीमंतांची चिंता आहे, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम त्यांनी बघावं. आपल्याकडची बाळं जन्मतः वजनाने कमी भरतात, पण त्यांच्या अंगात त्या मानाने चरबी जास्त असते, हे त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या बाळांमध्ये दाखवलं. म्हणजे कुपोषण आणि चरबी एकाच अंगात नांदतात. गरीब आईच्या त्या बाळाच्या हातात अंगणवाडीच्या वयात पाच रुपयांची पुडी येते, कारण ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज मिळणारी गोष्ट आहे. त्याचं पोट भरतं, पोषण होत नाही. हा प्रश्न श्रीमंतांपेक्षा त्यांचाच जास्त आहे.

एक गोष्ट उघड सांगते. मी ज्या भागात राहते तिथे साखर म्हणजे पीक आहे, कारखान्याचं बिल आहे, पोरांची फी आहे. आमच्याही घरात उसाचा पैसा येतो. म्हणून साखरेविरुद्ध बोललं की भुवया उंचावतात. पण शेतकऱ्याचं हित त्याच्याच नातवाला मधुमेह देऊन साधायचं असेल, तर त्या हिताचा पुन्हा हिशोब मांडावा लागेल. उसापासून इथेनॉलही होतंच आहे.

करायचं काय? ज्या शाळेत आपलं मूल जातं तिथल्या पालक-शिक्षक संघाला किंवा व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज द्या. तोंडी नको, लेखी, आणि पोच घ्या. २०२० च्या नियमाचा आणि ५० मीटरचा उल्लेख करा, कॅन्टीनच्या पदार्थांची यादी मागा. शाळेने दाद दिली नाही तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांना तीच प्रत पाठवा. एफएसएसएआयला पत्र लिहा, आपल्या खासदारांना लिहा. पत्रात तीनच मागण्या पुरेत: तारे नकोत, पुढच्या बाजूला इशाऱ्याची खूण हवी आणि ती मराठीतूनही वाचता यावी, 'जास्त' म्हणजे किती याचा आकडा नियमात हवा, ज्यावर इशारा असेल त्यावर कार्टून आणि नटांचे फोटो नकोत. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत वीस जणींच्या सह्या सहज होतात. अर्जाचा मराठी नमुना मी तयार केला आहे, ज्यांना हवा असेल त्यांनी सांगा, पाठवते. शाळेचं नाव आणि तारखेची जागा मोकळी सोडली आहे.